बांधावरील झाडांची विक्री : आधी मोजणी, मग बोलणी

खानदेशातील शेतकऱ्याचे धन केवळ कापूस, केळी आणि ज्वारी यांतच साठविलेले असते असे नाही. तापी आणि गिरणा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीच्या बांधांवर बाभूळ आणि कडुनिंब उभे असतात. विहिरीजवळ एखादा जुना आंबा, खळ्याशेजारी चिंच असते. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी साग आणि अंजन आढळतात. साक्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात त्यांच्या जोडीला मोह आणि ऐनही दिसतात. ही झाडे बहुधा मागच्या पिढीने राखलेली असतात. कोणाकडे दोन, कोणाकडे चार, फार तर दहावीस. त्यांना कोणी वन म्हणत नाही आणि घरच्या जमाखर्चाच्या वहीतही त्यांची नोंद नसते.

नोंद नसल्यामुळेच या धनाची किंमत मालकाला ठाऊक नसते. पेरणीसाठी बियाणे आणावयाचे असते, घरात लग्न निघते, विहिरीचे काम अर्धवट राहते किंवा आजारपण येते. अशा वेळी लाकडाचा व्यापारी बांधावर येतो, झाडांकडे वर-खाली पाहतो आणि एक आकडा सांगतो. मालक थोडी घासाघीस करतो आणि इसार घेतो. झाड किती घनफुटांचे होते हे त्याला सौद्यापूर्वी माहीत नसते आणि सौद्यानंतरही कळत नाही. चाळीस-पन्नास वर्षांची वाढ अशा रीतीने एका दुपारी अंदाजाने विकली जाते.

वास्तविक, शेतकऱ्याच्या हातात जितका माल येतो त्यात उभे झाड हाच असा माल आहे की ज्याला घाई नाही. केळीचा घड तयार झाला की तो थांबत नाही. कापूस वेचून घरात फार दिवस ठेवला तर जागा अडते, उंदीर आणि आगीची भीती असते. उभ्या निरोगी झाडाला कोठार लागत नाही, राखण थोडीच लागते आणि भाव पटला नाही तर ते पुढच्या वर्षापर्यंत उभे राहते. नुसते उभेच राहत नाही, वाढतेही. घेर 36 इंचांवरून 40 इंच झाला, म्हणजे केवळ 4 इंच वाढला, तर तेवढ्याच लांबीच्या खोडातील लाकूड जवळजवळ पावपटीने वाढते. सौद्यात खरे बळ मालकाच्या बाजूला असते ते असे. गरज दाराशी येईपर्यंत झाडाचा विचार न करणे म्हणजे हे बळ आपण होऊन सोडून देणे होय.

विकावे की राखावे?

पहिला प्रश्न भावाचा नसून विक्री करावी की नाही हा आहे. अंजनाचे लाकूड अतिशय जड व टिकाऊ असते हे खरे. पण त्याचा पाला उन्हाळ्यात, चारा दुर्मिळ असताना, गुरांच्या उपयोगी पडतो. मोहाची फुले व बिया दरवर्षी घरात पैसा आणतात. चिंचेचेही तसेच आहे. अशा झाडाचे दहा वर्षांचे उत्पन्न एका बाजूला आणि लाकडाची एकदाच मिळणारी रक्कम दुसऱ्या बाजूला ठेवून हिशेब करावा. फळ आटलेला जुना आंबा, शेंडा वाळलेला साग, खोड पोकळ होऊ लागलेला कडुनिंब अशी झाडे आधी काढावीत. जोमाने वाढणारी सरळ झाडे राखावीत. पुष्कळदा उलट घडते. व्यापारी उत्तम झाडे निवडून नेतो आणि वेडीवाकडी झाडे बांधावर राहतात.

घरच्या गरजेचाही विचार व्हावा. वखर, तिफण, गाडीची दुरुस्ती यांसाठी बाभळीचे लाकूड लागते. बाभूळ विकून पुढच्या वर्षी तेच लाकूड वखारीतून विकत आणणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

मोजणी घरच्या घरी

झाड मोजण्यास एक टेप, एक काठी आणि एक वही पुरते. जमिनीपासून 1.37 मीटर, म्हणजे साडेचार फूट, उंचीवर खोडाचा घेर मोजावा. ही छातीइतकी उंची मोजणीसाठी सर्वत्र मान्य आहे. प्रत्येक झाडास रंगाने क्रमांक द्यावा आणि वहीत क्रमांक, जात, घेर व सरळ खोडाची लांबी लिहावी.

उभ्या खोडाची लांबी काढण्याची रीत सोपी आहे. आपला हात सरळ पुढे धरून डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर होईल, तेवढाच काठीचा भाग मुठीच्या वर राहील अशी काठी उभी धरावी. मग झाडापासून मागे सरकत जावे. मूठ बुंध्याशी आणि काठीचे टोक पहिल्या मोठ्या फांदीशी जुळले की थांबावे. जमीन सपाट असेल तर तेथून झाडापर्यंतचे अंतर तेवढीच खोडाची उंची होय.

तोडलेल्या ओंडक्याचे माप व्यापारात बहुधा चौथाई घेराच्या हिशेबाने होते. ओंडक्याच्या मध्याचा घेर घ्यावयाचा, त्याचा चौथा हिस्सा काढावयाचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावयाचे. उदाहरणार्थ, मध्याचा घेर 36 इंच आणि लांबी 15 फूट आहे. घेराचा चौथा हिस्सा 9 इंच, म्हणजे पाऊण फूट. पाऊण फुटाचा वर्ग 0.5625 आणि त्याला 15 ने गुणिले की सुमारे 8.44 घनफूट लाकूड भरते.

या हिशेबात दोन गोष्टी शेतकऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, चौथाई घेराने निघणारे माप ओंडक्यातील प्रत्यक्ष लाकडापेक्षा सुमारे एकपंचमांशाने कमी असते. चिरकामात वाया जाणारा भाग धरून हा हिशेब रूढ झाला आहे, त्यात लबाडी नाही. मात्र चिरकामाची तूट या मापात एकदा वजा झालेली असते. तीच तूट पुन्हा भावातून कापू देऊ नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. माप मध्यावर न घेता बारीक टोकाला घेतले तर फार फरक पडतो. वरील ओंडक्याचा शेंड्याकडचा घेर 30 इंच असला, तर त्याच हिशेबाने केवळ 5.86 घनफूट भरतात. एका ओंडक्यात अडीच घनफुटांहून अधिक तूट आली. अशी दहा झाडे असतील तर 25 घनफुटांहून अधिक लाकूड मापाच्या फितीखालूनच निघून गेले असे समजावे. म्हणून घेर कोठे घ्यावयाचा, सालीसह की साल सोडून, आणि इंचाचा अपूर्णांक धरावयाचा की सोडावयाचा, हे आधी ठरवावे.

वन विभागाचे माप घनमीटरमध्ये असते आणि बाजारात घनफुटाचा भाव सांगितला जातो. 1 घनमीटर म्हणजे सुमारे 35.3 घनफूट. भावांची तुलना करताना परिमाण आणि मोजण्याची रीत दोन्ही एक आहेत ना, हे पाहावे.

झाडावर हक्क कोणाचा?

मुंबई इलाख्याच्या 1879 च्या जमीन महसूल कायद्याने शेतातील झाडांचा हक्क सामान्यतः खातेदाराकडे दिला, पण सरकारने राखून ठेवलेली झाडे त्यातून वगळली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 25 नेही धारण जमिनीवरील झाडांचा हक्क धारकाकडे आहे असे सांगितले आहे. तरीही सौद्यापूर्वी सातबारा उतारा काढून पाहावा. खाते सामाईक असेल तर सर्व खातेदारांची लेखी संमती घ्यावी. झाड दोन शेतांच्या हद्दीवर असेल तर शेजाऱ्याची संमती आवश्यक समजावी. शंका असल्यास भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल तर तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी. वनहक्क कायद्यान्वये कसण्यास मिळालेल्या जमिनीवरील इमारती झाडे मालकीची समजून विकू नयेत. त्या जमिनीची गोष्ट निराळी आहे.

पीक पाहणीत बांधावरील झाडांची नोंद करून घेण्याची सवय चांगली. 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्यास ही नोंद स्वतः करता येते. झाड आपल्याच शेतातील आहे हे दाखविण्यास पुढे तिचा उपयोग होतो.

परवानगीशिवाय कुऱ्हाड नको

झाड आपले असले तरी प्रत्येक झाड मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत साग, अंजन, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, ऐन, तिवस, बिजा, हळदू, हिरडा, किंजळ, फणस आणि चंदन यांचा समावेश आहे. ही झाडे तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अर्ज कोणाकडे करावयाचा हे वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसील कार्यालयात कळते. अधिकारी झाडाची पाहणी करतो. झाड वाळलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीवितास व मालमत्तेस धोका उत्पन्न करणारे असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे. कायद्याने अशा कारणांची दखल घेतलेली आहे. तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावण्याची अट परवानगीत घातली जाऊ शकते. विनापरवाना तोड केल्यास दंड होतो आणि लाकूडही सरकारजमा होऊ शकते.

बाभूळ आणि कडुनिंब या अनुसूचीत नाहीत. तथापि लाकूड गाडीत भरून रस्त्यावर आणले की वाहतुकीचे नियम लागू होतात. कोणत्या जातीच्या लाकडास वाहतूक परवाना लागतो आणि कोणत्या जाती त्यातून मुक्त आहेत, हे तोडीपूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. सागासारख्या लाकडाची मोजणी होऊन, त्यावर हातोड्याचा ठसा उमटून, परवाना हातात आल्यावरच माल हलवावा. 29 डिसेंबर 2023 पासून देशभर एकच संगणकीय वाहतूक परवाना पद्धत सुरू झाली आहे. खानदेशाची सीमा गुजरात व मध्यप्रदेश या दोन राज्यांना भिडलेली असल्याने येथील मालधारकांनी तिची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतील शेतास 1975 चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू होतो. तेथे अर्ज त्या संस्थेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करावा.

“कागदपत्रांचे आम्ही पाहून घेऊ” असे व्यापारी पुष्कळदा सांगतो. मदत घेण्यास हरकत नाही. परंतु कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. परवानगी मालकाच्या नावाची असते. पाच झाडांची परवानगी काढून सात झाडे तोडली गेली, तर जाब मालकालाही द्यावा लागतो.

आदिवासी खातेदारांसाठी निराळी वाट

सातपुड्याच्या आणि साक्रीच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी अशा आदिवासी शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनींवर साग चांगला येतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही याच पट्ट्यातील आहे. अशा शेतकऱ्याचे मोलाचे झाड अडचणीच्या वेळी ठेकेदाराकडे कवडीमोलाने जाऊ नये, यासाठी 1969 साली अनुसूचित जमातींच्या भोगवटादारांनी करावयाच्या झाडांच्या विक्रीचे नियमन करणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला. त्याप्रमाणे खातेदाराने खाजगी सौदा न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. झाडांची मोजणी, तोड व विक्री वन विभागामार्फत होते आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकास मिळते.

या वाटेने पैसा हाती येण्यास वेळ लागतो, आणि व्यापारी नेमका याच गोष्टीवर बोट ठेवतो. रोख आज मिळेल, सरकारी पैसा केव्हा मिळेल कोण जाणे, असे तो सांगतो. म्हणून गरज उभी राहण्याच्या आधीच अर्ज करावा. पुढच्या वर्षी लग्न करावयाचे असेल तर झाडाचा अर्ज या वर्षी गेला पाहिजे. अर्जाची पोच जपून ठेवावी.

सौद्याच्या तीन रीती

इतर शेतकऱ्यांपुढे साधारणतः तीन मार्ग असतात. पहिला उक्त्या विक्रीचा : उभी झाडे एका ठरीव रकमेस देऊन टाकावयाची. यात मालकास खटपट कमी, पण मोजणी झालेली नसेल तर तोटा सर्वांत अधिक. दुसरा मार्ग मापाच्या भावाचा : प्रति घनफूट भाव ठरवून तोडीनंतर शेतातच दोघांसमक्ष मोजून पैसे घ्यावयाचे. तिसरा मार्ग, स्वतः तोड करून माल वखारीपर्यंत पोचविण्याचा. यात भाव अधिक मिळू शकतो. मात्र मजुरी, गाडीभाडे आणि परवान्याची धावपळ मालकाच्या अंगावर येते.

चारसहा झाडांच्या मालकास दुसरा मार्ग बहुधा सोयीचा ठरतो. मालट्रक भरेल इतका माल नसला की व्यापारी भाव पाडतो, कारण अर्ध्या गाडीलाही भाडे जवळजवळ तेवढेच पडते. यावर उपाय म्हणजे शिवारातील चारपाच शेतकऱ्यांनी आपली झाडे एकाच वेळी विक्रीस काढावीत. प्रत्येकाची परवानगी व मोजणी वेगळी, पण बोलणी एकत्र. किमान तीन व्यापाऱ्यांकडून भाव घ्यावेत. वन विभागाच्या आगारात लाकडाचे लिलाव होतात. तेथील भावांची चौकशी केल्यास सागाच्या घेराप्रमाणे व लांबीप्रमाणे दर कसा चढतो याची कल्पना येते. आगारातील भावातून तोड, वाहतूक व व्यापाऱ्याचा वाजवी नफा वजा केला की बांधावरचा भाव किती असावा हे समजते.

कागदावर काय असावे?

तोंडी सौदा कितीही ओळखीचा असला तरी पुढील बाबी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात :

1. झाडांचे क्रमांक, जात व घेर. क्रमांक नसलेल्या झाडास हात लावावयाचा नाही.
2. भाव, मोजण्याची रीत आणि मोजणीच्या वेळी मालकाची हजेरी.
3. फांद्या, जळाऊ लाकूड व बुडखा कोणाचा. घरी सरपण लागत असेल तर फांद्या मालकाने राखाव्यात.
4. तोडीची शेवटची तारीख. ती टळल्यास सौदा रद्द समजावा.
5. उभे पीक, बांध, ठिबकच्या नळ्या, विहिरीचा कठडा व शेजाऱ्याचे शेत यांच्या नुकसानीची भरपाई कोणी द्यावयाची.
6. रकमेचा हप्ता. माल शेताबाहेर पडण्यापूर्वी पूर्ण रक्कम मालकाच्या बँक खात्यात जमा झाली पाहिजे.

तोडीची वेळ आणि रीत

खरीप निघाल्यापासून उन्हाळा कडक होईपर्यंतचा काळ तोडीस चांगला. शेत मोकळे असते, गाडी आत येते आणि लाकूड सावकाश वाळते. झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूला आधी खाच घ्यावी व मागील बाजूचा काप तिच्यापेक्षा किंचित वर घ्यावा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस किंवा जनावर असू नये. विजेच्या तारा जवळ असतील तर वीज कंपनीस आधी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

काप जमिनीलगत व किंचित उतरता घ्यावा. त्यामुळे बुंध्याचे मोलाचे लाकूड वाया जात नाही, बुडख्यावर पाणी साचत नाही आणि साग व कडुनिंब यांना जोमदार फुटवे येतात. त्यांपैकी एक सरळ फुटवा राखावा. ओंडक्यांचे तुकडे घाईने पाडू नयेत. सरळ व लांब सोटास दर अधिक मिळतो. माल लगेच उचलला जाणार नसेल तर ओंडके जमिनीपासून उंच, सावलीत रचावेत आणि टोकांना शेण किंवा रंग लावावा, म्हणजे तडे कमी जातात. घरासाठी राखलेली बाभूळ काही महिने पाण्यात बुडवून ठेवल्यास तिला कीड कमी लागते.

ग्रामकार्यकर्त्याचे काम

या कामी गावपातळीवरील कार्यकर्ता फार मोठी मदत करू शकतो. त्याने एक दिवस गावात मोजणीचे प्रात्यक्षिक घ्यावे. टेप कोठे धरावयाचा, वर्ग कसा करावयाचा, हे चार शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने केले की गावाला ती विद्या येते. शाळेतील मोठी मुले हा हिशेब सहज करतात. त्यांच्याकडून गावच्या झाडांची वही तयार करून घेता येईल. वनपरिक्षेत्र कार्यालयाचे कामाचे दिवस, अर्जाचे नमुने आणि सोबत जोडावयाच्या कागदांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आदिवासी पाड्यांवर 1969 च्या कायद्याची माहिती स्वतः जाऊन, लोकांच्या बोलीत द्यावी. ज्या घरी लग्न किंवा आजारपण आहे त्या घरच्या झाडावर व्यापाऱ्याची नजर आधी जाते. कार्यकर्त्याची भेट त्याहून आधी झाली पाहिजे.

विक्रीच्या रकमेतील थोडा भाग नव्या लागवडीसाठी बाजूस काढावा. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर बांधावर सागाच्या जड्या लावाव्यात, मुरमाड जागी कडुनिंब व अंजन लावावे आणि पहिली दोन वर्षे काटेरी कुंपण करून गुरांपासून रोपे राखावीत. त्याच दिवशी झाडांच्या वहीत नव्या रोपांची तारीख लिहावी. पुढे घरातील जो कोणी ती वही उघडील, त्याला आपल्या बांधावर काय उभे आहे हे व्यापाऱ्याला विचारावे लागणार नाही.